धुऱ्यापलीकडची वेल

भगवंतांनी गीतेच्या तेराव्या अध्यायात या शरीराला क्षेत्र, म्हणजे शेत, असे नाव दिले आहे. आणि ज्ञानोबारायांनी त्या एका शब्दाचा केवढा विस्तार केला आहे, हे ज्ञानेश्वरीच्या नित्य पाठकांस सांगावयास नको. शेत म्हटले की पेरणी आली, राखण आली, निंदण आले आणि धुराही आला. पेरणीवर आपली कीर्तने पुष्कळ होतात, निंदणावरही होतात. धुऱ्यावर मात्र कोणी फारसे बोलत नाही. आपण आपल्या शेतात लावलेले धुरा ओलांडून दुसऱ्याच्या शेतात गेले, तर त्याचा जाब कोणी द्यावयाचा? प्रश्न दिसावयास लहान आहे, पण धरून बसले तर प्रपंच आणि परमार्थ दोन्ही त्यात येतात. म्हणून आज तोच घेऊ.

हा प्रश्न आमच्यापुढे आला तो वर्धेला लागून असलेल्या सिंदी मेघे येथील एका माळकरी भगिनीच्या पत्राने. सिंदी मेघे, सावंगी मेघे, पिपरी मेघे, बोरगाव मेघे ही वर्धा शहराच्या अंगाला लागलेली गावे. जुन्या वावरांचे प्लॉट पडले, घरे झाली, घरापुढे चार हात अंगण आणि मागे सांदवाडी राहिली. या भगिनीने आपल्या अंगणात कुंपणाच्या कडेला पिवळ्या फुलांची एक पसरणारी वेल लावली. रोपे विकणाऱ्याने सांगितले होते, "बाई, हिला पाणी नको, निगा नको, बारा महिने हिरवी राहते." आणि ते बोलणे अगदी खरे ठरले. दोन पावसाळ्यांत सारी कड हिरवीगार झाली. भजनाला येणाऱ्या बायांनी कौतुक केले, तेव्हा तिने हौसेने एकेकीला ओंजळभर कांड्या दिल्या. "लावा, ही मरत नाही," असे म्हणून दिल्या. आता ती वेल कुंपणाखालून शेजारच्या अंगणात गेली आहे. शेजारणीचा हळदीचा वाफा तिने झाकला आणि तुळशीवृंदावनाचा पायथाही वेढला. शेजारणीने दोनदा उपटून ती नाल्यात फेकली, तर आता नाल्याच्या काठीही पिवळी फुले दिसू लागली. दोन घरांत बोलणे बंद आहे.

त्या भगिनीने तीन गोष्टी विचारल्या आहेत. पहिली: "अंगण माझे, वेल माझी, मी काही तिला मुद्दाम पलीकडे पाठविली नाही, मग दोष माझा कसा?" दुसरी: "झाडेवेली ही आपली सोयरी, असे संत सांगतात, मग जिवंत वेल मुळासकट उपटावी, ही हिंसा नव्हे काय?" आणि तिसरी: "आषाढी जवळ आली; शेजारणीशी अबोला ठेवून वारीला जावे तरी कसे?" पत्र साधे आहे, पण त्यात मनाची तळमळ आहे. म्हणून उत्तरही वरवर देऊन चालावयाचे नाही.

प्रथम त्या वेलीची ओळख करून घेऊ. वर्णनावरून ती वेडेलिया होय. हिचे मूळ घर मेक्सिको, मध्य अमेरिका, वेस्ट इंडीज बेटे आणि दक्षिण अमेरिकेचा उष्ण भाग. शोभेसाठी लोकांनी ती जगभर नेली. आपल्याकडे बागांतून आणि रस्त्यांच्या मधल्या पट्ट्यांतून ती लावलेली दिसते. पाने जाड, बहुधा तीन टोकांची. फूल लहानशा सूर्यफुलासारखे पिवळे. आपल्या देशातल्या पिवळ्या माक्याशी तिचे नाते जवळचे आहे, आणि त्यामुळे काही जण तिला औषधी माकाच समजतात. पण ही ती नव्हे. हिची खुबी बियांत नाही. हिला रुजणारे बी क्वचितच धरते. हिची सारी शक्ती पेरांत आहे. जमिनीवर सरपटत जाणाऱ्या दांडीचे प्रत्येक पेर मातीला लागले की मूळ धरते. तोडून टाकलेली एक कांडी ओल्या मातीत पडली, तर तिचे नवे झाड होते. म्हणून विळ्याने कापली तर ती संपत नाही, उलट कापलेले तुकडे जिथे पडतील तिथे वाढते. शिवाय तिच्या अंगातून उतरणाऱ्या द्रव्यांनी शेजारच्या रोपांची उगवण आणि वाढ खुंटते, असे अभ्यासकांना दिसून आले आहे. निसर्गरक्षणाचे काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघाने जगातील सर्वांत उपद्रवी अशा १०० परक्या जीवांची एक यादी केली आहे. तीत आपली ही अंगणातली पिवळी फुले आहेत.

ही एकटीच नव्हे. घाणेरी, जिला कोठे टणटणी म्हणतात, ती १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात शोभेसाठीच आणली गेली. आज तिने देशातली रानेच्या राने व्यापली आहेत. जलपर्णी ही अशीच दक्षिण अमेरिकेतून तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने हिंडविली गेली. आणि आळंदीस जाणाऱ्या वारकऱ्याने इंद्रायणीच्या पात्रावर तिचा हिरवा थर डोळ्यांनी पाहिला आहे. गाजरगवताची नोंद पुण्यास १९५५ साली झाली, आणि आज त्याच्यावाचून एक पडीत जागा दाखविणे कठीण. सन २०२३ मध्ये अनेक देशांच्या तज्ज्ञांनी मिळून एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. मनुष्याने एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात नेलेल्या ३७,००० हून अधिक जातींचे जीव जगभर ठाण मांडून आहेत, आणि त्यांपैकी ३,५०० हून अधिक जाती उपद्रवी ठरल्या आहेत, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे एका अंगणातली गोष्ट साऱ्या पृथ्वीची गोष्ट आहे.

येथे एक सावधगिरी घेतली पाहिजे. "परदेशी म्हणून वाईट" असे कोणी म्हणू लागले, तर ते आम्हांस मान्य नाही. आपल्या एकादशीच्या फराळाचे ताट पाहा. बटाटा, रताळे, शेंगदाणा, हिरवी मिरची, आणि ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा करतात तो कंददेखील, हे सारे अमेरिका खंडातून आलेले! पांडुरंगाच्या गळ्यात झेंडूचा हार घालतो, तो झेंडूही मूळचा मेक्सिकोकडचा. देवाने तो कधी नाकारला नाही. उलट हरळी आणि लव्हाळा आपल्याच मातीतली, पण कास्तकाराला त्यांनी रडविले आहे. तीच हरळी दूर्वा म्हणून गणपतीच्या मस्तकी चढते आणि तीच कपाशीच्या तासात आली तर तिच्यावर डवरा फिरतो. तेव्हा कूळ विचारण्याचे कारण नाही, करणी पाहावी. आपल्या संप्रदायाने माणसाच्या बाबतीत जे सांगितले, तेच येथेही खरे आहे. झेंडू आला आणि लावला तेथे राहिला. शेजाऱ्याला त्याने जागा ठेवली. ही वेल आली आणि तिने शेजाऱ्याची जागा घेतली. भेद आहे तो एवढाच.

आता पहिला प्रश्न. अंगण माझे, मग दोष माझा कसा? माझे अंगण म्हणजे काय, हे आधी पाहू. वर्ध्याच्या भूमीला हा विचार नवा नाही. धनवानाने स्वतःला संपत्तीचा विश्वस्त समजावे असे सांगणारे महात्माजी १९३६ पासून सेवाग्रामला राहिले. पवनारच्या धाम नदीकाठी राहणाऱ्या विनोबांनी १९५१ साली भूदानाचा आरंभ केला आणि जमीन ही हवापाण्यासारखी सर्वांची, हे गावोगाव पायी फिरून सांगितले. एवढे उंच चढणे आपणास जमले नाही तरी निदान इतके तरी मानू, की सातबाऱ्यावर आपले नाव आहे ते धुऱ्यापर्यंत. धुऱ्यापलीकडे आपला हक्क नाही, तिथे आपले कर्तव्यच तेवढे पोचते. आपल्याकडे हातभर धुऱ्यासाठी भाऊ भावाविरुद्ध कोर्टात जातो. दुसऱ्याने आपला धुरा कोरला तर आपल्याला रात्रभर झोप येत नाही. मग आपल्या वेलीने दुसऱ्याचा धुरा ओलांडला, तेव्हा तेवढीच झोप उडावयास नको काय?

"पण मी मुद्दाम पाठविली नाही ना!" खरे आहे. गाय सुटून दुसऱ्याच्या वावरात शिरते, तेव्हाही धनी तिला मुद्दाम पाठवीत नाही. तरी कोंडवाड्यात गेलेली गाय सोडवावयाची तर दंड धन्यालाच भरावा लागतो, आणि त्यात कोणाला अन्याय वाटत नाही. याचे कारण असे की दोष आणि देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. न कळत घडले त्याचा दोष लागत नाही. परंतु दोष नाही म्हणून देणेही नाही, असे होत नाही. महाद्वारी गर्दीत चुकून दुसऱ्याच्या चपला पायांत घातल्या, तर ती चोरी नव्हे. पण लक्षात आल्यावर परत नेऊन ठेवाव्याच लागतात. आणि लक्षात आल्यावरही तशाच घालून घरी गेलो, तर मात्र ती चोरी झाली. या भगिनीने वेल लावली तेव्हा ती निर्दोष होती. आज तिला कळले आहे. आजपासून पुढे वेलीचे प्रत्येक पेर तिच्या हिशेबात आहे. ज्ञान झाले की जबाबदारी वाढते, हे आपण नामाच्या बाबतीत मानतो, तसेच वेलीच्याही बाबतीत मानले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, "महाराज, असे म्हटले तर मग काहीच लावू नये! आंब्याचा पाला शेजारी पडतो, तुळशीच्या मंजिऱ्याही वाऱ्याने उडतात." हा आक्षेप योग्य आहे. जगात कोणाचेच जिणे धुऱ्याच्या आत पुरते मावत नाही, आणि शेजार म्हणजे एकमेकांचा पालापाचोळा सोसणेच होय. परंतु त्यालाही माप आहे. आपण हात काढून घेतला तर ते थांबते काय, आणि ते आले तर दुसऱ्याला जागा उरते काय, हे दोन प्रश्न विचारावे. आंब्याचा पाला झाडून निघतो. तुळशीचे रोप नको असेल तर चिमटीने उपटता येते, आणि खरे पाहता तुळशीला रोज पाणी घालावे तेव्हा कुठे ती टिकते. वेडेलियाचे तसे नाही. ती न बोलाविता येते, सांगून जात नाही, आणि आली की इतरांना राहू देत नाही. जिला काहीच निगा लागत नाही म्हणून आपण हौसेने लावली, तिचा तोच गुण दुसऱ्याच्या अंगणात दुर्गुण होतो. आपले वाचलेले कष्ट शेजाऱ्याच्या कमरेवर पडतात. जे फार स्वस्त मिळते त्याची किंमत कोण भरतो आहे, हे विचारण्याची सवय प्रापंचिकाने लावून घ्यावी. ती सवय वेलीपुरतीच नव्हे, पुष्कळ ठिकाणी कामी येते.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. झाडेवेली सोयरी आहेत, हे तुकोबांचे म्हणणे आपल्या हृदयात आहे, आणि ते तसेच राहावे. पण सोयरी म्हणताना ती सारी सोयरी आहेत, एकच नव्हे, हे विसरू नये. हळद सोयरी, तुळस सोयरी, नाल्याकाठचे गवत आणि त्या गवतावर जगणारे किडेपाखरूही सोयरेच. घरी दहा सोयरे उतरले आणि त्यांतला एक बाकीच्या नवांच्या पानांवरचे उचलून खाऊ लागला, तर यजमानाने हात जोडून बघत राहावे काय? नवांना उपाशी ठेवण्याला आदरातिथ्य म्हणत नाहीत. अरणच्या सावता महाराजांना मळ्यातल्या भाजीत विठ्ठल दिसला हे खरे. पण ते जातिवंत माळी होते, आणि माळ्याचे काम म्हटले की खुरपे आलेच. ज्याने खुरपेच टाकले त्याच्या मळ्यात भाजी कुठून येणार, आणि देव तरी कशात दिसणार? उपटणे हे राखण्याचेच अंग आहे. फरक पडतो तो हात कसा चालतो यात. चिडून, शेजारणीला दाखविण्यासाठी उपटली, तर वेल गेली तरी मनात विष राहिले. नाम घेत, हे आपले काम आहे अशा बुद्धीने उपटली, तर ती सेवा झाली.

येथेच एक गोष्ट स्पष्ट करतो. हा दृष्टांत कोणी माणसांना लावू नये. अमके लोक बाहेरून आले, त्यांना उपटा, असे म्हणण्यासाठी कोणी वेलीचे उदाहरण देऊ लागला, तर त्याला तेथेच थांबवावे. वेलीला सांगून कळत नाही. माणसाला कळते, त्याला पालटता येते, आणि संतांनी माणसाला जवळ घेऊनच पालटले आहे. निंदण करावयाचे ते अंगणातले आणि स्वतःच्या मनातले.

मनाचे निंदणही याच जातीचे आहे. गीतेच्या पंधराव्या अध्यायात संसाराला अश्वत्थाची उपमा दिली आहे. त्याची मुळे खालीही पसरून कर्माने बांधतात, आणि असंगाच्या शस्त्राने तो छेदावा, असे तेथे सांगितले आहे. मुळे जागोजागी धरली जातात, ही खूण या वेलीवरून आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. मानाची इच्छा अशीच आहे. आरंभी तिची फुले साजरी दिसतात. कोणी म्हणते, "काय सुंदर भजन म्हटले हो!" आणि आपल्याला बरे वाटते. वरवर छाटली तर तिचा तुकडा दुसरीकडे रुजतो: टाळ धरण्यात रुजतो, दिंडीत पुढे चालण्यात रुजतो, 'मला मुळीच मान नको' असे म्हणण्यातही रुजतो. आणि तीही आपल्याच अंगणात राहत नाही. दुसऱ्याच्या भक्तीचा वाफा झाकते. म्हणून पेरापेराने मूळ काढावे लागते. हे काम एका दिवसाचे नव्हे.

अंगणातले काम कसे करावे तेही सांगितले पाहिजे, नाहीतर नुसता उपदेश होईल. वर्ध्याकडची काळी माती पाऊस पडून भिजली की मऊ होते, तेव्हा खुरपे आणि कुदळ घेऊन दांडीच्या मागोमाग जावे आणि प्रत्येक पेराचे मूळ वर काढावे. तुकडे टोपलीत वेचावे, तेथेच सोडू नयेत. उपटलेली वेल नाल्यात कदापि टाकू नये, कारण पाणी तिचे वाहन आहे. ओल्या उकिरड्यावरही टाकू नये. फरशीवर किंवा पत्र्यावर उन्हात पसरून कडकडीत वाळवावी, दांडी काटकीसारखी मोडू लागली म्हणजे भय गेले. पसारा मोठा असेल तर जमिनीवर जाड काळा कागद कित्येक महिने झाकून ठेवावा, म्हणजे उजेडावाचून ती मरते. मोरीचे पाणी जिकडे जाते तिकडे विशेष नजर ठेवावी, कारण उन्हाळ्यातही ओल तेथे असते. दर पंधरवड्यास, एकादशीची आठवण ठेवून, एक फेरी मारावी. जे हिरवे डोकावेल ते काढावे. आणि जागा रिकामी ठेवू नये. हळद लावा, गवती चहा लावा, झेंडू लावा, अडुळसा लावा. रिकाम्या जागेत नको ते पुन्हा येते. मनाचेही तेच आहे: विषय काढला आणि नाम भरले नाही, तर काढलेले परत येते.

आता राहिला तिसरा प्रश्न, आणि आमच्या मते तोच मुख्य आहे. या भगिनीने ज्यांना कांड्या दिल्या त्यांच्याही घरी जावे लागेल. दिलेले दान परत कसे मागावे, असा संकोच तिला वाटेल. पण ते परत मागणे नव्हे. दानाची उरलेली अर्धी बाजू पुरी करणे आहे. वस्तू दिली तेव्हा तिचा गुण सांगितला होता, आता तिचा अवगुण सांगावयाचा. ऐकणारी रागावली तर रागावू द्यावी. खरे सांगताना थोडे हलके व्हावे लागते, आणि हलके झालेल्यालाच वारीची वाट सोपी जाते.

आणि शेजारीण? माउली, तुम्ही वेल काढावयास लागाल तेव्हा आपल्या बाजूने आरंभ करू नका. आधी त्यांच्या दारी जा. "तुमच्या हळदीत माझी वेल आली, ती काढावयास मी आले आहे," एवढेच म्हणा आणि वाफ्यात बसा. मागचे हिशेब काढू नका. नाल्यात कोणी फेकली हेही काढू नका. मग त्यांना विचारून, जमल्यास दोघी मिळून, नाल्याच्या काठची वेलही काढा. कारण नाल्याला कोणी शेजारीण नाही, त्याच्या वतीने भांडावयास कोणी येत नाही. आपण वारकरी एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतो. अनोळखी माणसाच्या पायांवर पंढरीत डोके ठेवणे सोपे असते, कारण त्याच्या आणि आपल्यामध्ये कुंपण नसते. कुंपणापलीकडच्या पायांवर डोके ठेवणे कठीण. ते जमले तर चंद्रभागेपर्यंतची बाकीची वाट फक्त चालावयाची राहते.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!